गोधडीला ऊन दाखवलं तर?

"डॉक्टरसाहेब, याची गोधडी उनात टाकली तं बिमारी मरते का जी?" मूलकडच्या एका आजींनी विचारलं. नातवाच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते. प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरामागे बराच इतिहास आहे, आणि तो सुरू होतो चांदीपासून.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत योहान शुल्त्से या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाच्या बाटलीतलं चांदीमिश्रित द्रावण काळं पडलं. हे उष्णतेमुळे होत नाही, उजेडामुळे होतं, हे त्याने दाखवून दिलं. पुढे फोटोग्राफी याच गुणधर्मावर उभी राहिली. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजीही, जे स्वतः उत्तम फोटो काढत. डॉक्टरांना हा छंद लागावा यात नवल नाही. काचेवर थापायचं कलोडियन जखमेवरही लावत, आणि सिल्व्हर नायट्रेट तर दवाखान्यात असायचंच. औषधाच्या बाटल्या तपकिरी का असतात, याचं उत्तरही इथेच आहे.

उजेड चांदी बदलतो, मग जंतूही बदलत असेल का? 1877 साली इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी पोषक द्रव भरलेल्या नळ्या उन्हात ठेवल्या. काही उघड्या, काही शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेल्या. गुंडाळलेल्या गढूळ झाल्या, उघड्या स्वच्छ राहिल्या. पुढे डेन्मार्कच्या फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केले, त्यांना 1903 चं नोबेल मिळालं. फुप्फुसातल्या क्षयाला मात्र बाहेरून प्रकाश पाडून काही होत नाही, हे लक्षात ठेवा.

नेमकं काय घडतं, हे 1930 च्या सुमारास फ्रेडरिक गेट्स यांच्या मोजमापांतून दिसू लागलं. जे अतिनील किरण न्यूक्लिक आम्लं शोषतात, तेच जंतू मारतात. या किरणांनी डीएनएतली शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि मग त्याची नक्कल निघत नाही. विषाणूंचंही असंच.

त्याच दशकात विल्यम वेल्स यांनी मांडलं की खोकल्यातले अगदी बारीक थेंब सुकून हवेत तासन्‌तास तरंगतात. त्यांनी फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत छताकडे अतिनील दिवे लावले. 1941 च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांत रुग्ण कमी निघाले. नंतर बाल्टिमोरमध्ये रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. साध्या हवेतले गिनीपिग बाधित झाले. अतिनील किरणांतून गेलेल्या हवेतला एकही झाला नाही.

म्हणून आजींना सांगितलं, गोधडी खुशाल वाळवा, पण क्षय गोधडीतून पसरत नाही, हवेतून पसरतो. त्यांच्या मातीच्या घरात पोरगा झोपायचा त्या खोलीला खिडकीच नव्हती. उन्हातले सर्वांत प्रखर अतिनील किरण वरच ओझोनमध्ये अडतात. उरलेले काम करतात, पण सावकाश, आणि काचेतून बरेचसे येतच नाहीत. वाहती हवा मात्र जंतू लगेच विरळ करते. हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरीचं काम सुरू झालं तेव्हा रुग्ण झाडाखाली तपासले जायचे. वीज नव्हती, इमारत नव्हती, पण हवेतून पसरणाऱ्या आजारांसाठी त्याहून चांगली ओपीडी मला तरी सुचत नाही.

(बाजारातली अतिनील ट्यूब घरात लावू नका. करोनाच्या काळात अशा ट्यूबखाली बसून डोळे भाजून घेतलेला एक दुकानदार रात्री रडत माझ्याकडे आला होता.)

"मंग खाट ओसरीत टाकतो," आजी म्हणाल्या. "पन झडीत पोराले थंडी लागन ना?" पाऊस येतो त्या बाजूला बांबूचा तट्टा बांधा, बाकीच्या दोन बाजू मोकळ्या ठेवा, असं सुचवलं. गोळ्या सहा महिने, एकही दिवस न चुकवता. बरं करणार त्या गोळ्याच, आणि त्या नीट सुरू झाल्या की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप उतरतो. पुढच्या खेपेला मी विचारलं तेव्हा तट्टा बांधून झाला होता. गोधडीही उन्हात होती.