डच नाममुद्रेचे घरगुती जिन्नस व त्यांचा पुरावा

कागदपत्रें व शिलालेख यांवरच इतिहास उभारण्याची आम्हां संशोधकांची संवय आहे. कोनाड्यांतील रेडिओ हेंहि एक साधन होय, असें म्हटल्यास पुष्कळांस हंसूं येईल. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास महाराष्ट्रांतील घरांत व कचेऱ्यांत जे डच नाममुद्रेचे दिवे व रेडिओ शिरले, ते नीट न वाचल्यामुळें ठोकळ चुका होतात.

डचांचें या किनाऱ्याशीं नातें जुनें. वेंगुर्ल्यास त्यांनीं १६३७ त वखार घातली. तेव्हांचा माल जहाजानें येई, म्हणून हाहि तसाच आला असावा, असें सहज गृहीत धरलें जातें. तें सर्वांशीं खरें नाहीं. आइंदोव्हेन येथें १८९१ त निघालेल्या फिलिप्स कंपनीनें १९३० त कलकत्त्यास पेढी उघडली, ती केवळ विक्रीची होती. पण १९३८ त तेथेंच दिव्यांचा कारखाना निघाला, १९४८ त रेडिओ बनूं लागले आणि १९५९ त पुण्याजवळ रेडिओचा दुसरा कारखाना उभा राहिला. तेव्हां तीन लाटा व चार चांदण्यांचा शिक्का हॉलंडचा, पण जिन्नस बंगालचा किंवा आमच्याच जिल्ह्याचा, असा प्रकार होतो. शिक्का पाहून 'विलायती' असें टिपणारानें पाठीमागची पाटी वाचलेली नसते.

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत चांदे हें गांव आहे. या तालुक्यांत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ त सत्याग्रह झाला, सेनापति बापटांनीं तुरुंगवास सोसला; तरी धरण झालें, आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे वाहूं लागली. ज्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या त्यांच्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागले, हें विसरून चालत नाहीं. म्हणून या भागांत जुना रेडिओ आढळल्यास, घरांत वीज होती असें अनुमान तत्काळ करूं नये. त्याचें पोट उघडून पाहावें. विजेच्या तारेवर चालणारें निर्वात नळ्यांचें यंत्र असेल तर गोष्ट वेगळी. कोरड्या बॅटरीचें असेल, किंवा टॉर्चच्या चार सेलांवर चालणारा ट्रान्झिस्टर असेल, तर विजेच्या आधींच मुंबई-पुण्याचा आवाज त्या घरांत पोंचला असणें शक्य आहे.

काळनिर्णयास याहूनहि चांगलें साधन आहे. रेडिओ बाळगण्यास टपालखात्याचा परवाना लागे व शुल्काचीं तिकिटें परवानापुस्तकांत चिकटवीत; १९८० नंतरच्या दशकांत ती पद्धति उठली. निरुपयोगी झालेलीं तीं पुस्तकें रद्दींत गेलीं, यंत्रें भंगारांत. चांद्याच्या बाजूस जुनीं घरें पाडून इमारती उठत आहेत. तेथें यंत्र व पुस्तक एकत्र सांपडल्यास आधीं पहिल्या तिकिटाचें साल टिपून घ्यावें, मग पाटी, आणि शिक्का सर्वांत शेवटीं.