जुन्याचा भाव कोणी ठरवायचा?

घरातले जुने कपाट, वापरलेला मोबाईल, वाचून झालेली पुस्तके यांचे फोटो काढा, मोबाईलवर टाका आणि पैसे कमवा, असा सल्ला आजकाल सगळीकडे मिळतो. सल्ला चुकीचा नाही. पण आम्हाला इथे एक प्रश्न पडतो. या देशात जुनी वस्तू विकून पैसे करण्याचा अधिकार सगळ्यांना केव्हापासून आहे?

मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडून पाहा. सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न, जीर्ण कपडे आणि घरातले जुने सामान द्यावे, असे तिथे सांगितले आहे. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यात जेवावे, असेही सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की शूद्राने समर्थ असूनही धनसंचय करू नये. हे तिन्ही नियम एकत्र वाचले की डाव लक्षात येतो. जुने तुमच्याकडे येईल, पण त्याचा पैसा तुमच्याकडे साठता कामा नये. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळले गेले, त्यात हे अर्थशास्त्रही होते.

गावगाड्यात हेच चालले. मढ्यावरचे कापड महाराचे, मेलेले ढोर महाराने ओढायचे. याला 'हक्क' म्हणत. काही विद्वान आजही सांगतात की बलुतेदारीत गाव सगळ्यांना सांभाळून घेत असे. आमचा त्यांना साधा सवाल आहे. जो हक्क नाकारता येत नाही आणि ज्याचा भाव घेणाऱ्याला विचारता येत नाही, तो हक्क कसला? 'जातिनिर्मूलन' मध्ये बाबासाहेबांनी इंदूर भागातल्या बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. त्यांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, चाकरीचा मोबदला मागू नये, हिंदू खुशीने देतील ते घ्यावे, असे फर्मान निघाले होते. म्हणजे नवे वापरायचे नाही आणि जे मिळेल त्यावर बोलायचे नाही.

म्हणूनच मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा असे सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. महार वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

मग बाजार जातमुक्त आहे का? न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २००० पुस्तके जमवली. ती वापरलेलीच पुस्तके होती, पण किंमत मोजून घेतलेली. तिथे कोणी उपकार केला नव्हता. तेच बाबासाहेब मुंबईत परतले आणि शेअरबाजाराचा सल्ला देणारा व्यवसाय त्यांनी सुरू केला, तेव्हा सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. पैसा हातात आला म्हणून जात आपोआप जात नाही.

याचा पुरावा आज पुण्याच्या रस्त्यावर आहे. तिथे कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचून विकणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. आपण मोबाईलवर जुने विकले तर हुशारी ठरते, तीच बाई भंगार विकते तेव्हा 'कचरेवाली' ठरते. या स्त्रियांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या कार्यकर्त्या त्यांच्यासोबत होत्या. ओळखपत्र मिळवले, स्वतःची पतसंस्था काढली. २००८ साली 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. आता घरोघर कचरा गोळा करण्याचे शुल्क मिळते आणि भंगार विकण्याचा अधिकारही त्यांचाच.

आमचेच काही मित्र इथे हरकत घेतात. बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडायला सांगितली, मग तुम्ही त्याच कामाचा गौरव का करता? हरकत रास्त आहे. आम्ही कामाचा गौरव करत नाही. हे काम आईकडून लेकीकडे वारशाने जाता कामा नये, तिने शाळेतच गेले पाहिजे. पण आज जी बाई पोते घेऊन उभी आहे, तिला 'काम सोड' एवढेच सांगून तिची चूल पेटत नाही. ती काम सोडेपर्यंत तिच्या मालाचा भाव तिच्या समोर, खऱ्या काट्यावर ठरला पाहिजे.

तेव्हा तरुण मित्रांनो, जुने जरूर विका, जुने जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र आपल्या वस्तीतली बाई भंगाराच्या दुकानात जाते तेव्हा एकदा तिच्यासोबत जा. वजन बघा, आजचा भाव विचारा, हिशेब लिहून घ्या. आणि तिची पोरगी शाळेत जाते की नाही, तेही विचारा.

जय भीम!