मुरमांवरील औषधांची कहाणी

ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता अहमदाबादच्या महामार्गाला जेथे मिळतो, त्या परिसरात काशीमीरा आहे. पश्चिमेस भाईंदर, मिठागरांचे म्हणून नावाजलेले. येथील काय किंवा दूरच्या खेड्यातील काय, पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली औषधाच्या दुकानी जाऊन हळूच म्हणतात, “मुरमांवर काहीतरी द्या हो!” त्या ‘काहीतरी’चा इतिहास आज पाहू.

रस्त्यावर पसरतात तोही मुरूम आणि तोंडावर येतो तोही मुरूमच! सुश्रुतसंहितेत मात्र त्याला ‘मुखदूषिका’ असे नाव असून काटेसावरीच्या काट्याची उपमा दिली आहे. सावरीचे खोड पाहिलेल्याला ही उपमा लगेच पटेल. वेखंड, लोध्र, सैंधव आणि शिरस यांचा लेप हा त्यावरचा एक उपाय. सैंधव आहे म्हणून कोणी नुसते मीठ चोळू नये, बरं का! मीठ चोळल्याने जखम चिडते, हे आपली भाषाच सांगते.

दुसरा जुना उपाय गंधकाचा. काशीमीऱ्याहून उत्तरेस खाडी ओलांडून शिरसाड फाट्याला उजवीकडे वळले, की पुढे वज्रेश्वरी आणि गणेशपुरीची उन्हाळी लागतात. त्वचेच्या विकारांसाठी तेथे स्नान करण्याची चाल जुनी आहे. गंधकाच्या मलमाने तेलकट त्वचा कोरडी होते, सौम्य मुरूम थोडे बसतात. पण कुंडाचे पाणी म्हणजे मोजून दिलेले औषध नव्हे.

मुरूम मुळात होतो कसा? वयात येताना केसांच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथी अधिक तेल सोडतात, छिद्राचे तोंड बुजते, आत जंतू वाढतात आणि सूज येते. म्हणजे हा दोष अस्वच्छतेचा नव्हे. चेहरा खसखसून घासल्याने तो वाढतोच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत मुरमांवर क्ष-किरण सोडीत. चेहरे साफ होत. परंतु पुढे अनेक वर्षांनी त्यांतील काहींना कंठग्रंथीचा कर्करोग झालेला आढळला, आणि तो उपाय सोडावा लागला. झटपट गुण दाखवणारा उपाय निर्धोक असतोच असे नाही, हा त्यातील धडा.

1950 नंतर टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके आली. त्यांनी सूज उतरते. पण ती एकटी आणि फार दिवस घेतली तर जंतू निर्ढावतात. म्हणून त्यांच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम देतात. त्याला जंतू सरावत नाहीत. मात्र उशीचा अभ्रा विटतो! 1969 साली अमेरिकेत डॉ. क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेटिनॉइनचा गुण मांडला. हे मलम बुजलेले छिद्र मोकळे करते. रात्री थोडेसे लावावयाचे. आरंभी त्वचा सोलवटते. 1982 साली अमेरिकेत मान्यता मिळालेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी सर्वांत प्रभावी. मोठ्या गाठी आणि व्रण असतील तेव्हा ती उपयोगी पडते. पण गर्भारपणी घेतल्यास बाळात गंभीर व्यंग येऊ शकते, म्हणून ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी.

आता खरी चिंतेची गोष्ट. गोरेपणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मलमांत स्टिरॉइड असते. चार दिवसांत लाली जाते, मुलगी हरखते. पुढे कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, मुरूम दुणावतात. आणि मलम थांबवावे तर भडका उडतो. 2018 साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची चौदा मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा यादीत घातली. तरी सावध राहावयाचे ते आपणच.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातील एखादी मुलगी सारखी ओढणीने तोंड झाकीत असेल, एखादा मुलगा स्नेहसंमेलनाला येण्याचे टाळीत असेल, तर थट्टा होऊ देऊ नका. जवळ बोलावून विचारा, “बाळ, काय लावतेस? नळीवर काय लिहिले आहे, वाचून दाखव पाहू.” स्टिरॉइड निघाले तर डॉक्टरांकडे पाठवा. आणि योग्य औषधालाही दोन-तीन महिने द्यावे लागतात, हे समजावून सांगा. पेरले की दुसऱ्या दिवशी कणीस येत नाही, हे आपल्या मुलांना ठाऊक आहेच.