साडेसात बैलजोड्या

वऱ्हाडात मोटरपंप कंपनीच्या नावाने कमी, आकड्याने जास्त ओळखला जातो. तीनची मोटर, पाचची, साडेसातची. अमरावती काय नि अकोला काय, दुकानात जाऊन "पाचची दाखवा" म्हटलं की पुरतं. मी दिवसभर सर्व्हरचे आकडे बघणारा माणूस, त्यामुळे या आकड्याचं कुतूहल होतंच. शनिवारी एक्सेल उघडून बसलो.

हा एचपी आला तोच मुळी पाणी उपसण्यातून. इंग्लंडच्या खाणींत पाणी साचायचं आणि ते काढायला वाफेची इंजिनं लागायची. आपलं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस हिशोब बांधला: मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट वर. आजच्या भाषेत ७४६ वॅट. खरा घोडा दिवसभर एवढं ओढत नाही, पण विक्रेत्याचा आकडा म्हटल्यावर चालायचंच :)

सूत्र शाळेतलंच आहे. सेकंदाला किती लिटर, गुणिले किती मीटर, गुणिले ९.८, की झाले वॅट. यात पंपाची आणि पाइपातली गळती धरलेली नाही. ती धरली की विजेची निम्मी ताकद वाया जाते असं समजायला हरकत नाही.

आता मोट घ्या. चामड्याची, दीडशे लिटरची. विहीर तीस फूट, म्हणजे नऊ मीटर. बैल धावेवरून उतरले, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडलं, बैल मागे सरकले. मिनिटाला एक खेप धरू. सेकंदाला अडीच लिटर. उत्तर येतं २२० वॅट, म्हणजे जेमतेम ०.३ एचपी! बाकीचा जोर नाडा, चाक आणि मागे सरकण्यात गेला.

पुढे तेलावरची इंजिनं आली. किर्लोस्करवाडी १९१० ची, पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. मग वीज आली आणि धावा ओस पडल्या. तीनची मोटर त्याच विहिरीतून मोटेच्या चौपट-पाचपट पाणी सहज काढते. एका पिढीला हा चमत्कारच वाटला असणार.

अकोल्याकडे, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात, या चमत्काराचा फारसा उपयोग नव्हता. तिथलं जमिनीखालचं पाणीच खारट. एचपी कितीही लावा, चव बदलत नाही. असो.

खरी गंमत (गंमत कसली!) वरुड-मोर्शीत आहे. संत्र्याचं झाड बारमाही पाणी मागतं. विहिरी आटल्या, बोअर आले, आणि बोअर आठशे-हजार फुटांपर्यंत गेले. सबमर्सिबल टाकली आणि पाणी २०० मीटरवरून उचलायचं आहे असं धरू. साडेसातची मोटर म्हणजे ५,५९५ वॅट, निम्मे वाया, उरले २,८००. भागिले ९.८, भागिले २००. उत्तर १.४ लिटर.

मी सेल पुन्हा तपासला. साडेसात एचपीची मोटर सेकंदाला मोटेपेक्षा कमी पाणी देते! मोटर थकत नाही, ठिबकमुळे थोडक्यात भागतं, हे खरं. पण आजोबांच्या एका बैलजोडीने जे काढलं, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी काढायला नातू पंचवीसपट ताकद लावतोय. सूत्रात बदललं ते एकच, मीटर.

सरकारदरबारी हे दोन आकडे एकमेकांना भेटत नाहीत. २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. २०२४ च्या बळीराजा योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत आहे, मग तो पंप वीस मीटरवर असो की दोनशे. बागायतदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. वीस वर्षं वाढवलेली बाग डोळ्यांदेखत वाळत असताना कोण एक्सेल उघडेल? तो बोअरवाल्यालाच फोन लावणार, आणि गाडी आली की "अजून शंभर फूट जाऊ द्या" म्हणणार.