अडलेले चाक

आमच्या पांढरकवड्याच्या घरामागच्या पत्र्याच्या छपरीत एक मोटार उभी आहे. फोर्ड कंपनीची, 'मॉडेल ए' जातीची. माझ्या पणजोबांनी ती १९३० साली घेतली. आजोबांनी चालवली, त्यांच्यामागे माझ्या मोठ्या बाबांनी चालवली, आणि मोठे बाबा गेल्यापासून ती चाललीच नाही. मोठी आई मात्र दर दसऱ्याला तिच्या स्टिअरिंगच्या चाकाला झेंडूचे तोरण बांधते, कुंकू लावते. पंचाऐंशी वर्षांच्या त्या माउलीने यंदा श्रावणात मला बोलावून सांगितले, "बापू, या दसऱ्याले गाडी अंगणात आलेली पाह्यची हाय मले. पुढच्याचा भरोसा नाई."

मी शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो म्हणून माणसांच्या मनातली गाठ सोडवण्याची थोडी सवय. यंत्राची गाठ माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. ती कशी आली आणि कशी सुटली, हे सांगण्याआधी या चाकाचे कूळ सांगायला हवे.

मोटारीला आरंभी चाक नव्हतेच. नावाडी सुकाणू धरतो तसा एक दांडा असे आणि तो इकडेतिकडे ढकलून गाडी वळवीत. १८९४ साली फ्रान्समध्ये पॅरिस ते रूआं अशी मोटारींची चढाओढ झाली. तीत वाशरों नावाच्या गृहस्थाने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवले. पुढे १८९८ पासून पानार कंपनीने आपल्या गाड्यांना चाकच द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता दांडा नाहीसा झाला. कारण उघड होते. वेग वाढला, तसा खड्ड्याचा हिसका दांड्यावाटे थेट मनगटाला बसू लागला. चाकाखाली दात्यांची योजना करता येते. हात पुष्कळ फिरवावा तेव्हा गाडीची पुढची चाके थोडी वळतात, आणि हिसका वाटेतच विरतो.

मग हेन्री फोर्ड आला. १९०८ ते १९२७ या काळात त्याच्या 'मॉडेल टी'च्या दीड कोटीवर गाड्या निघाल्या. तिच्या पाठोपाठ डिसेंबर १९२७ मध्ये 'मॉडेल ए' जगापुढे आली आणि चारएक वर्षांत अठ्ठेचाळीस लाखांवर खपली. चाळीस घोड्यांची ताकद. चाकाखाली मिशांसारख्या दोन दांड्या: एकीने ठिणगीची वेळ मागेपुढे करायची, दुसरीने इंधन कमीजास्त. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे, म्हणून चाक उजवीकडे हवे. अशा उजव्या चाकाच्या गाड्या फोर्डच्या कॅनडातल्या कारखान्यातून साम्राज्यातल्या देशांना जात. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला, तोही याच सुमाराचा.

या गाड्या आमच्या मुलखात आल्या त्या कापसाच्या पैशावर. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ मध्ये, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव दाखवला, आणि त्यानंतर दोन पिढ्या इथल्या बंड्या कापूसच वाहत राहिल्या. माझे पणजोबा कापसाचे अडते. पण त्यांची वेळ चुकली. १९२९ च्या जागतिक मंदीने भाव कोसळू लागले असताना त्यांनी मोटार घेतली! पुढे कर्ज झाले, शेत गेले. मोटार राहिली, कारण ती विकत घेण्याइतका पैसा गावात कोणाकडेच उरला नव्हता.

तर असो. श्रावणात मी हमरस्त्यावरच्या एका मिस्त्रीला घेऊन आलो. इंजिनाची त्याने आशा दिली. पण स्टिअरिंगची पेटी गंजून घट्ट बसली होती. ती काढायची तर संबंध खांब खालच्या अंगाने ओढून काढावा लागतो, आणि त्यासाठी आधी वरचे चाक उतरले पाहिजे. इथेच घोडे अडले.

हे चाक बसते कसे, ते पाहा. खांबातल्या दांड्याचे टोक वर निमुळते असते. चाकाच्या तुंब्याचे भोकही तसेच निमुळते. चाक फिरून सरकू नये म्हणून दोहोंमध्ये अर्धचंद्राच्या आकाराची एक लोखंडी चावी असते. वरून नट आवळला की तुंबा खाली दाबला जातो आणि पाचरीसारखा ठासून बसतो. नट काढला तरी पाचर सुटत नाही. त्यात गंज चढला की पाहायलाच नको. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फट भरून आवळतच जातो.

मिस्त्रीने मधले हॉर्नचे बटण आणि त्याखालची लांब सळई काढली, नट सोडला, पुलर लावला. पुलरचा एक पंजा निसटला. मग त्याने हातोडा घेतला. दांडा आतून पोकळ आहे हे त्याला ठाऊक होते. तो बिचकत होता. "आणखी एक जोरात मार," असे मीच म्हणालो. त्या घावाने दांड्याचे तोंड फाकले, वरचे आटे दबले आणि चाकाच्या रबराला एक चीर गेली. ही चूक माझी. मिस्त्री म्हणाला, "आता गॅसने तापवायचे, नाहीतर चाक कापायचे." पण मॉडेल ए गाडीची पेट्रोलची टाकी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर, पुढच्या फळीच्या आतच असते. तिथे ज्योत कोण नेणार? राहिले कापणे. ते ऐकून मोठी आई दाराशी येऊन उभी राहिली. "कापू नको रे बापू. तुह्या मोठ्या बाबांचे हात हायत त्याच्यावर."

त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी बाजाराकडे जाताना आमच्या म्हाताऱ्या लोहाराच्या भट्टीशी पाय थबकले. एके काळी बंड्यांच्या चाकांना धाव चढवून घ्यायला याच्या दारी रांग लागे. आता बंड्यांना रबरी टायर आले, आणि भट्टीवर विळे-कुऱ्हाडी तेवढ्या उरल्या. मी गाऱ्हाणे सांगितले. तो हसला. "मास्तर, लोखंडाले मारलं का ते रुसते. त्याले ऊब द्या लागते. धाव कशी चढवतो आपण? तापली का फुगते, निवली का आवळते. तुमची धाव आतून बसली, एवढंच."

मी वर्गात 'उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात' हे किती वर्षे शिकवीत आलो! पंचवीस मिलिमीटरचे भोक शंभर अंशांनी तापले तर जेमतेम तीन शतांश मिलिमीटर मोठे होते. पाचर सुटायला तेवढे पुरते. अट एकच: तुंबा तापावा आणि आतला दांडा थंड राहावा.

लोहाराने आधी कानशीने दबलेले आटे सारखे केले आणि नट पुन्हा तीन फेरे चढवला, म्हणजे चाक उसळून छातीवर येणार नाही. फटीत रॉकेल आणि तेल सोडून दोन दिवस तसेच ठेवले. टाकी धुऊन पाण्याने काठोकाठ भरली, बॅटरी दूर नेली. आऱ्यांवरच्या रबराला ओले गोणपाट गुंडाळले. तुंब्यावर बसेल अशी एक जाड लोखंडी कडी घडवली, अंगणापलीकडे भट्टी पेटवून ती तापवली आणि लाली उतरल्यावर सांडशीने आणून तुंब्यावर ठेवली. मधल्या दांड्यावर मी ओला फडका धरला. थोड्या वेळाने त्याने तुंब्यावर पाण्याचा थेंब टाकला. तो चर्र करून उडाला. "आता धरा."

मिस्त्रीने पुलर आवळला, मी दोन्ही हातांनी चाक खालून वर ओढले, लोहाराने पितळेचा तुकडा मध्ये ठेवून हलकीशी टिचकी मारली. 'टक्' असा आवाज झाला आणि चाक नटापर्यंत वर आले. अर्धचंद्राची ती चावी माझ्या तळव्यावर पडली. तिची आतली बाजू नव्वद वर्षांनंतरही लखलखीत होती.

लोहाराने मजुरी घेतली नाही. निघताना कडी हातात फिरवीत म्हणाला, "धाव चढवून लई वर्सं झाली होती, मास्तर."

गाडी रस्त्यावर धावेल की नाही, ठाऊक नाही. २०२१ पासून सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली आहे. ते कागद यथावकाश होतील. दसऱ्याला मात्र पाचसहा जणांनी ढकलून ती अंगणात आणली. मोठी आई आत बसली. रबराची चीर तिने बोटाने चाचपली, माझ्याकडे पाहिले, आणि काही बोलली नाही. मग तिने चाक हळूच डावीकडे फिरवले. गाडीची पुढची चाके वळली.