इंग्रजीतील परिमाणदर्शक शब्द : नामाप्रमाणे निवड

‘दोन सल्ले’, ‘तीन बातम्या’ हे मराठीत निर्दोष प्रयोग आहेत. मात्र त्यांवरून केलेली ‘टू अ‍ॅडव्हायसेस’, ‘थ्री न्यूजेस’ ही इंग्रजी रूपे अशुद्ध ठरतात, कारण इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘न्यूज’ ही अगणनीय नामे आहेत. कोणते नाम गणनीय, हे त्या त्या भाषेची रूढी ठरवते. मराठीत ‘तांदूळ महाग झाले’ असे अनेकवचन येते. इंग्रजीत ‘राइस’ एकवचनीच राहतो. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’ हे शब्दही अगणनीय होत.

शब्दांची निवड

गणनीय नामाच्या अनेकवचनाआधी ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘फ्यूअर’ योजावेत. अगणनीय नामाआधी ‘मच’, ‘लिटल’, ‘लेस’. ‘सम’, ‘अ लॉट ऑफ’ आणि ‘प्लेंटी ऑफ’ दोन्हींबरोबर चालतात. अगणनीय नाम मोजायचे असल्यास एककाचा आधार घ्यावा लागतो : ‘टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’, ‘थ्री कप्स ऑफ टी’. येथे अनेकवचन एककाचे होते, नामाचे नव्हे.

‘ऑफ’ केव्हा?

‘पाच किलो तांदूळ’ या मराठी रचनेत मधला दुवा लागत नाही. इंग्रजीत ‘फाइव्ह किलोज ऑफ राइस’ म्हणावे लागते. याउलट ‘टू डझन एग्ज’, ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज’ यांत ‘ऑफ’ही नाही आणि ‘डझन’, ‘हंड्रेड’ यांचे अनेकवचनही नाही. संख्या मोघम असेल तरच ‘हंड्रेड्स ऑफ पीपल’ असे लिहितात. आपल्या ‘पाचशे’ आणि ‘शेकडो’ या शब्दांमधला भेद तोच आहे.

एका ‘अ’ने बदलणारा अर्थ

‘आय हॅव अ लिटल एक्स्पीरियन्स’ म्हणजे थोडाफार अनुभव आहे. ‘अ’ गाळला, तर अनुभव जवळजवळ नाहीच, असा अर्थ होतो. नोकरीच्या अर्जात ही चूक उमेदवाराच्या विरोधात जाते. ‘अ फ्यू’ आणि ‘फ्यू’ यांतही हाच फरक आहे.

क्रियापदाचे वचन

‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे अनेक विद्यार्थी, म्हणून ‘हॅव’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, म्हणून ‘हॅज’. रक्कम, अंतर वा कालावधी एकत्रितपणे सांगताना क्रियापद एकवचनी असते. मराठीत ‘पाचशे रुपये पुरेसे आहेत’, तर इंग्रजीत ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ’. याच कारणाने दहा किलोमीटरपेक्षा कमी अंतरासाठी ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’ हा प्रयोग शुद्ध मानला जातो.

शंका आल्यास मराठी वचनावरून अंदाज बांधू नये. विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी शब्दकोशांत गणनीय नामापुढे बहुधा ‘सी’ आणि अगणनीय नामापुढे ‘यू’ हे अक्षर छापलेले असते. काही नामांपुढे दोन्ही अक्षरे आढळतात. तेथे अर्थानुसार निवड करावी. ‘पेपर’ म्हणजे कागद अगणनीय, तर ‘पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र गणनीय.