मॉडस्लेचा लेथ घरी येतो

खुर्चीचा एखादा नट कुठेतरी गळून पडतो. आपण मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळतो, तो त्याच मापाचा नट घेऊन येतो आणि जुन्या बोल्टवर तो बिनतक्रार बसतो. यात नवल ते काय, असे आपल्याला वाटते. परंतु सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एखाद्या गृहस्थाने दुकानात जाऊन असा नट मागितला असता, तर त्याला सर्वांनी वेड्यातच काढले असते. त्या काळी ज्या त्या बोल्टला त्याचाच नट लागे. यंत्र खोलताना जोड्या चुकू नयेत म्हणून कारागीर दोघांवर सारखी खूण करून ठेवीत. जोडी मोडली की दोघेही निकामी!

ही दैना ज्या यंत्राने संपवली ते यंत्र म्हणजे लेथ. त्याचे कूळ फार जुने. आपल्याकडचा कातारी लाकूड फिरते ठेवून त्यावर हत्यार धरतो आणि लाटणी, भोवरे, पाळण्याच्या दांड्या कातून काढतो, तोच हा प्रकार. लाकडाचे भागते, कारण तिथे केसभर इकडेतिकडे झाले तरी लाटणे पोळी लाटायचे थांबत नाही. लोखंडाचे तसे नाही. हात दमतो, थरथरतो, आणि इंचाचा हजारावा भाग म्हणजे काय हे नुसत्या हाताला उमगत नाही.

हेन्री मॉडस्लेचा जन्म १७७१ साली वुलिच येथे झाला. अठराव्या वर्षी तो जोसेफ ब्रामा या नामांकित कुलूपकर्त्याकडे कामाला लागला. तिथे त्याला आठवड्याला ३० शिलिंग मिळत. १७९७ साली त्याने पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि त्याने लंडनमध्ये स्वतःचे छोटेसे दुकान थाटले. त्याच सुमारास त्याने आटे पाडणारा आपला लेथ बनवला. हत्यार हातातून काढून सरकत्या लोखंडी बैठकीवर बसवण्याची कल्पना काही त्याची एकट्याची नव्हे. फ्रान्समध्ये वोकाँसाँने ती आधीच वापरली होती. मॉडस्लेचे मोठेपण असे, की सरळ बेड, सरकती बैठक, तिला ओढणारा अचूक लीडस्क्रू आणि मधले बदलते गिअर या चारही गोष्टी त्याने भक्कम धातूत एकत्र आणल्या. आता एकाच मापाचे आटे पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागले. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढे १८४१ साली ठिकठिकाणचे स्क्रू जमवून आट्यांचे एक प्रमाण माप सुचवले.

याच मॉडस्लेने मार्क ब्रूनेलच्या आराखड्यांवरून पोर्ट्समथच्या गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या बनवणारी सुमारे पंचेचाळीस यंत्रे तयार केली. १८०८ च्या सुमारास तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. पूर्वी ११० कसबी कारागीर जे काम करीत, ते आता दहा साधी माणसे करू लागली. पुस्तके हा आकडा कौतुकाने देतात. मला मात्र वजाबाकी सुचते. उरलेले शंभर जण आपले हात घेऊन कुठे गेले असतील?

आणि गंमत पाहा. हाताची गरज संपवणारी ही यंत्रे खुद्द हातानेच घडत होती. सपाट पृष्ठभाग मिळवायचा, तर बिडाच्या तीन पाट्या आलटूनपालटून एकमेकींवर घासायच्या आणि उंचवटे खरवडत जायचे. पाट्या दोनच असल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट राहूनही त्या एकमेकींत चपखल बसतात. तिसरी पाटी ही चोरी पकडते. मॉडस्लेच्या कारखान्यात कारागिरांच्या बाकांवर अशा पाट्या कायम हाताशी असत.

शतकभराने गेलेला हात परत आला, तो कारखान्यात नव्हे, तर घराच्या मागल्या खोलीत. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. विसाव्या शतकाच्या आरंभी गिल्फर्डच्या ड्रमंड बंधूंनी शिवणयंत्रासारखे पायाने चालवायचे छोटे लेथ विकायला काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, बीस्टनच्या मायफर्ड कंपनीचा ‘एमएल सेव्हन’ आला. पोटासाठी दुसराच उद्योग करणारी माणसे संध्याकाळी या लेथपाशी बसून वीतभर वाफेची इंजिने घडवू लागली.

असा जुना लेथ घरी आणला की पहिला धडा मिळतो तो नम्रतेचा. केवळ जड आहे म्हणून तो सरळ असेलच असे नाही. भक्कम बैठकीवर ठेवून बेडच्या दोन्ही टोकांना आडवी पाणसळ लावायची आणि पायाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या सरकवीत बेडचा पीळ काढायचा. मग चकमध्ये जाड सळई धरायची, तिचे दुसरे टोक मोकळे ठेवायचे, आणि हत्यार न हलवता दोन्ही टोकांशी एक-एक हलका कात घ्यायचा. मायक्रोमीटरने दोन्ही ठिकाणची जाडी सारखी भरली, तर बेड सरळ. नाही भरली, तर पुन्हा चकत्या.

हत्याराची धार सळईच्या मध्याच्या उंचीवरच लागली पाहिजे. ते पाहायला महागडे साधन नको. सळई आणि हत्याराचे टोक यांच्यामध्ये स्टीलची पट्टी हलकेच धरावी. ती ताठ उभी राहिली, तर उंची बरोबर. वरचे टोक आपल्याकडे झुकले, तर हत्यार खाली आहे. जुन्या स्क्रूंमध्ये झीज असते, म्हणून चाक नेहमी एकाच दिशेने फिरवून मापावर यावे. या साऱ्यात यंत्र काहीच शिकवत नाही. शिकतो तो हात. पोर्ट्समथला ज्याची गरज संपली, तेच कसब इथे पहिल्या दिवसापासून लागते.

आपल्याकडेही या यंत्राची परंपरा लहान नाही. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावच्या सायकलच्या दुकानातून लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली औंध संस्थानात त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. १९४१ साली हरिहरला ‘म्हैसूर किर्लोस्कर’ निघाली, आणि तिचे लेथ देशभरच्या कारखान्यांत जाऊन बसले. आज असे जुने लेथ पुष्कळदा भंगारात किलोच्या भावाने जातात.

तेव्हा कुणाकडे असा लेथ असेल, तर एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर दातेरी चाकांनी भरलेला एखादा जड, तेलकट डबा सापडेल. तो टाकू नका. लीडस्क्रूला इंचात आठ आटे असतील आणि आपल्याला सोळा पाडायचे असतील, तर तीस आणि साठ दात्यांची चाके त्यातूनच निघतात. त्यात १२७ दात्यांचे चाक मिळाले, तर ते जिवापाड जपावे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, पाच इंच म्हणजे बरोबर १२७. त्या एका चाकाच्या बळावर इंचाचा जुना लेथ मिलिमीटरचे आटे पाडू शकतो. डबा गेला, तर लेथ फिरत राहील. पण मनाजोगते आटे पाडण्याची जी विद्या मॉडस्लेने त्याला दिली, ती मात्र गमावून बसेल.